हेडर न मिळणेबाबत

बाईंनी हातातलं लाल पेन काढून घेतलं, तेव्हाच हेडसाहेबांनी शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं. पण शहाणपणाची आणि हेडसाहेबांची गाठ नेहमी गोष्ट घडून गेल्यावरच पडत असे.

हेडसाहेब म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयाच्या अभिलेख विभागातले निवृत्त हेडक्लार्क. खुर्ची सुटली, पण नावातलं हेड काही सुटलं नाही. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत विज्ञान शिकवायच्या, म्हणून इमारतीतले सगळेच त्यांना बाई म्हणत, आणि घरात फार तापलं की हेडसाहेबही तेच म्हणत. या बाईंनी निवृत्तीनंतर मुलांसाठी पानांवर एक पुस्तक लिहिलं होतं. वहीच्या पानांवर नव्हे, झाडाच्या. आयुष्यातलं पहिलं पुस्तक. प्रकाशकाने ते घेतलंही होतं. फक्त त्याचा मुद्रितशोधक पाय मोडून घरी पडला होता, त्यामुळे सोमवारी मजकूर शुद्ध होऊन हातात आला तर छपाई, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असं त्याने गोड शब्दांत कळवलं होतं. 'पुढच्या वर्षी बघू' याचा अर्थ हेडसाहेबांइतका कोणाला कळणार? कार्यालयात त्यांनी आयुष्यभर दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

अडचण वेलांट्यांची होती. नुसत्या देठावरून झाड ओळखणाऱ्या बाईंना पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मात्र कधी उमगलं नाही. हेडसाहेबांना ते झोपेत विचारलं तरी सांगता येई. म्हणजे काम घरातल्या घरात होण्यासारखं होतं, आणि हेडसाहेबांनी एक प्रकरण तपासूनही दिलं. बाईंनी लिहिलं होतं, 'लाजाळूच्या पानाला हात लावला, की ते मिटतं.' तपासून आलं ते असं: 'सदरहू पानास स्पर्श केला असता ते मिटत असल्याचे निदर्शनास येते. तरी संबंधितांनी याची नोंद घ्यावी.'

"संबंधित कोण?" बाईंनी विचारलं.

"स्पर्श करणारे."

"अहो, ती तिसरीतली पोरं आहेत. मी वेलांट्या बघायला सांगितल्या होत्या. लाजाळूची खातेनिहाय चौकशी लावायला नव्हतं सांगितलं."

आणि पेन गेलं.

त्याच संध्याकाळी बाईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. हा मेहुणा सहलींची कंपनी चालवायचा आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याच्याकडे पॅकेज तयार असे. फोन स्पीकरवर होता. "ताई, तू कॉम्प्युटरवर ज्या एडिटरमध्ये लिहितेस ना, त्याला एक प्लगिन मिळतं. जोडलं की चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारतं. बस, तेवढंच. भावोजी, ऐकताय ना? मुख्य म्हणजे ते बोलत काही नाही."

भावोजी ऐकत होते. मेहुण्याचं बोलणं त्यांना लागलं नाही, कारण मेहुण्याचं मनावर घ्यायचं नाही हे त्यांनी लग्नातच ठरवलं होतं. लागलं ते बाईंचं हसणं. आपल्या जागी कंत्राटी माणूस नेमला जातोय, तोही मुका, आणि त्याच्या मुकेपणाचं कौतुक होतंय. स्वाभिमानी माणूस अशा वेळी उठून फिरायला गेला असता. हेडसाहेब म्हणाले, "त्यात काय, मीच बसवून देतो." आपल्या जागी येणाऱ्या माणसाची खुर्ची स्वतःच पुसून ठेवणारा असा हेडक्लार्क विरळा.

मेहुण्याच्या मते हे दोन मिनिटांचं काम होतं. पण प्लगिन तयार स्वरूपात मिळत नव्हतं. त्याचा कच्चा माल उतरवून घ्यायचा आणि आपल्या कॉम्प्युटरवर आपणच बांधायचा, असा प्रकार होता. आता इथे हेडर नावाचं एक प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्यावर उभा आहे. प्लगिन म्हणजे एडिटरच्या घरात राहायला येणारा भाडेकरू. हेडर ही एक फाइल, म्हणजे त्याच्या हातात दिलेला घराचा नकाशा: दार कुठे, कडी कुठे, दिव्याचं बटण कुठे. हा भाडेकरू आंधळा असतो. नकाशात दार असेल तिथे तो बिनधास्त पाऊल टाकतो, मग तिथे दार असो, नाहीतर भिंत असो.

हेडसाहेबांनी सूचना वाचायला घेतल्या. बाकीचे लोक सूचना वाचत नाहीत म्हणून त्यांना आयुष्यभर पगार मिळाला होता, त्यामुळे ते मात्र वाचत. त्यात लिहिलं होतं, की हेडर प्लगिनसोबत दिलेली आहे, किंवा आपल्या सिस्टिममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या सामानात, असल्यास तीही वापरता येईल. 'किंवा' या शब्दाशी हेडसाहेब थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'किंवा' तिथेच होता. एकाच कागदाच्या दोन प्रती आणि वाटेल ती घ्या? अभिलेख विभागात असं कोणी बोललं असतं तर त्याची बदली टाक्या धुणाऱ्या खात्यात झाली असती.

त्यांनी सल्ल्यासाठी वरच्या मजल्यावरच्या औषधवाल्यांना बोलावलं. त्यांचं कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं आणि दुकान मुलाने घेतल्यापासून ते सल्ला फुकट देत. "सोबत दिलेलं कधी घ्यायचं नाही, साहेब," ते खुर्ची ओढत म्हणाले. "लोक प्रवासाला गोळ्या सोबत नेतात. बघावं तर मुदत कधीच संपलेली. सिस्टिमचं ते सीलबंद. अधिकृत."

अधिकृत हा शब्द ऐकला आणि हेडसाहेबांना आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. मूळ अभिलेख कार्यालयात असताना प्रत ग्राह्य धरू नये, हा नियम त्यांनी इतक्यांना ऐकवला होता, की तो निसर्गनियमच आहे असं त्यांना वाटे. औषधवाल्यांनी सूचनांत दिलेली एक आज्ञा टाइप केली, सिस्टिमची हेडर आली. मग हेडसाहेबांनी रीतसर पुढचं पाऊल टाकलं. सोबतची हेडर त्यांनी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली, कारण दुय्यम प्रती वेळच्या वेळी नष्ट केल्या नाहीत तर उंदीर होतात. कॉम्प्युटरमध्ये उंदीर होत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. पण नियम नियमच असतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली. बाई ज्यात लिहीत तो एडिटर सिस्टिमचा नव्हताच. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून मागच्या भेटीत लेकीने एक नवा एडिटर टाकून दिला होता, आणि कॉम्प्युटरसोबत आलेला त्याचाच जुना अवतार एका कोपऱ्यात तसाच पडून होता. सिस्टिमची हेडर त्या जुन्याची होती. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कोणाच्याही लक्षात नव्हती.

प्लगिन बांधून झालं. मध्ये पिवळ्या अक्षरांत बरेच इशारे येऊन गेले. "इशारे येतातच," हेडसाहेब म्हणाले. "ताशेरे ओढल्याने कोणाचं काम थांबत नाही." औषधवाल्यांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. बाईंनी पहिलं प्रकरण उघडलं आणि खरोखरच ओळीओळीतून लाल रेघा उमटल्या. बाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की हेडसाहेबांना क्षणभर हेवा वाटला. आपण तपासलं तेव्हा ही बाई अशी हसली नव्हती. मग ते गॅलरीत जाऊन मेहुण्याला फोनवर सविस्तर वृत्तांत देत बसले, आणि तिथेच घात झाला.

कारण रेघा येत होत्या, पण एक शब्द सरकून येत होत्या. जुन्या घराचा नकाशा घेऊन नव्या घरात शिरलेला तो आंधळा भाडेकरू दर वेळी शेजारच्या दारावर थाप मारत होता. 'सुर्याकडे पाहणारी हिरवी पाने' यात चूक सूर्याची, रेघ 'पाहणारी'खाली. बाईंनी मुकाट्याने 'पाहणारि' केलं. ती रेघ गेली नाहीच, उलट 'हिरवी'खाली दुसरी आली. म्हणून 'हीरवी' केलं, तर 'पाने'खाली तिसरी. रोग पसरतोय असं समजून बाईंनी उपचार वाढवले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. हेडसाहेब विजयी मुद्रेने आत आले तोवर दोन प्रकरणांतले धडधाकट शब्द जायबंदी होऊन पडले होते, आणि मूळचे चोर आरामात उभे होते.

"अगं, 'हीरवी' काय? मुळात बरोबर असलेला शब्द तू..."

"यंत्र सांगतंय म्हणून केलं," बाई म्हणाल्या. "मला कळत असतं तर यंत्र कशाला आणलं असतं? आणि बसवलं कोणी?"

या प्रश्नाला उत्तर होतं, म्हणूनच हेडसाहेबांनी ते दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणा स्वतः आला. त्याने सगळी हकिगत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "भावोजी, पॅकेज फोडलंत तुम्ही. पॅकेजमध्ये जे येतं ते एकमेकांना धरून असतं. घरून गादी घेऊन कोणी हॉटेलात उतरतं का? सोबत दिलेली हेडर कुठाय?"

"नष्ट केली."

"नष्ट?"

"डब्यात आहे," हेडसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. नष्ट केलेली वस्तू डब्यात सापडते, ही अभिलेख विभागाची जुनी परंपरा होती. तिचा उपयोग झाला, पण प्रतिष्ठा गेली. तेवढ्यात औषधवाले आले आणि डब्यातली हेडर पुन्हा वर येताना पाहून त्यांचा चेहरा आंबला. मेहुणा सोबतच्या बाजूचा, औषधवाले सिस्टिमच्या बाजूचे. पाहता पाहता वाद असा रंगला, की माहेरहून आणलेलं बरं की सासरचं बरं, या जुन्या प्रश्नाचीच ती नवी आवृत्ती वाटावी. "तुमच्याकडच्या सगळ्या वस्तू अशाच," एवढं हेडसाहेब मेहुण्याला म्हणून गेले आणि बाईंनी टाइप करता करता मान वर केली. हेडसाहेबांनी वाक्य तिथेच सोडलं.

बाई त्या वेळी मधल्या प्रकरणाचं शेवटचं पान नव्याने लिहीत होत्या. पानाच्या मधोमध जी जाड शीर असते, तिच्यावरचं. त्यांच्या मते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं. मेहुण्याने एडिटर बंद करण्याचीही वाट पाहिली नाही. सोबतच्या हेडरने प्लगिन बांधलं आणि चालू एडिटरमध्येच भरलं. आता झालं असं, की प्लगिन लिहिणारा स्वतः त्याच एडिटरच्या नव्यातल्या नव्या आवृत्तीवर बसलेला होता. त्याने सोबत दिलेला नकाशा अशा घराचा होता, ज्यावर एक मजला जास्त चढला होता. आमचा आंधळा भाडेकरू दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत म्हणून निघाला आणि गॅलरी नव्हती. एडिटर हूं की चूं न करता बंद झाला. बाईंचं पान त्याच्यासोबत गेलं.

मेहुण्याला अचानक एका सहलीची आठवण झाली. औषधवाल्यांना दुकानाची. बाई उठल्या, कोरे कागद घेऊन खिडकीशी बसल्या आणि आठवेल तसं ते पान हाताने लिहू लागल्या. त्या भांडल्या असत्या तर हेडसाहेबांना बरं वाटलं असतं. भांडण म्हणजे निदान प्रकरण चालू असतं. हे प्रकरण बंद झाल्यासारखं दिसत होतं, आणि सोमवार तोंडावर आला होता. तिचं एकच पुस्तक आहे, आणि ते आपण बुडवलं, हे त्यांना त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या स्वच्छ समजलं आणि फार वाईट वाटलं.

वाईट वाटलं की माणूस आपल्याला येतं ते करतो. हेडसाहेबांनी अर्ज लिहिला. प्लगिनवाल्यांच्या पानावर तक्रारी नोंदवायची सोय होती, तिथे त्यांनी लिहिलं: 'मा. महोदय, विषय: योग्य हेडर न मिळणेबाबत. उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, सोबतची हेडर वापरली असता एडिटर मृत होतो व सिस्टिमची वापरली असता निरपराध शब्दांस शिक्षा होते. तरी मार्गदर्शन व्हावे.' उत्तर लगेच आलं. 'माझ्याकडे चालतंय. सिस्टिमची हेडर हा आमचा विषय नाही, सिस्टिमवाल्यांकडे जा.' आणि तक्रार बंद. हेडसाहेब सिस्टिमवाल्यांकडे गेले. तिथून कळलं की बाहेरच्या प्लगिनची जबाबदारी त्यांची नाही, सोबत दिलेली हेडर वापरावी, आणि प्लगिनवाल्यांकडे विचारणा करावी. तक्रार बंद.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. हेडसाहेबांनी दोन्ही उत्तरं एकाखाली एक ठेवून पुन्हा वाचली आणि त्यांना कौतुकच वाटलं. इतक्या थोड्या शब्दांत दोन खिडक्यांमध्ये माणूस कायमचा उभा करायचा, म्हणजे मुरलेल्या हाताचं काम. त्यांना स्वतःला त्यासाठी निदान एक परिपत्रक लागे. मात्र खिडकीच्या या बाजूने ते कसं दिसतं, हे त्यांनी आजच पाहिलं, आणि या बाजूला बसायला खुर्ची नसते, हेही.

रविवारी बाईंचं पान हाताने लिहून झालं. त्या ते घेऊन कॉम्प्युटरपाशी आल्या, दोन्ही उत्तरं वाचली, आणि वर्गात मागच्या बाकाला विचारावं तसं विचारलं, "कलम कसं बांधतात, माहितीये?"

"कलम? नियमावलीतलं?"

"झाडाचं. अहो, फांदी कुठल्या बागेतून आणली यावर भांडून काही होत नाही. ज्या झाडाला ती बांधायची, त्या झाडाशी ती जुळायला लागते. तुम्ही सगळे नकाशांवरून भांडताय. घर कोणतं आहे, ते कोणी बघितलं का?"

"घर?"

"मी ज्यात लिहिते तो एडिटर. तो कितवा आहे, हे त्याला कोणी विचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. औषधवाल्यांनी नाही, मेहुण्याने नाही, दोन्ही खिडक्यांनी नाही. अर्जात संदर्भ क्रमांक नसेल तर तो न वाचता परत पाठवणाऱ्या हेडसाहेबांनीही नाही. बाईंनी एडिटरच्या मदतीच्या यादीत जाऊन आवृत्तीचा आकडा काढला. तो सिस्टिमच्या हेडरशी जुळत नव्हता आणि सोबतच्याशीही नाही, दोन्हींच्या मधला होता. मग लेकीने तो एडिटर जिथे टाकला होता तो कप्पा उघडला, तर आत त्याची स्वतःची हेडर गुपचूप पडलेली होती. तिसरी प्रत. एकाच कागदाच्या तीन प्रती, तिन्ही वेगळ्या आणि तिन्ही खऱ्या. हेडसाहेबांना पाणी प्यावं लागलं.

"कुठलीही नष्ट करू नका," बाई म्हणाल्या. "हिच्याकडे बोट दाखवा आणि बांधा."

त्यांनी बांधलं. या वेळी पिवळा इशारा एकही आला नाही. पहिली रेघ बरोबर 'सुर्या'खाली पडली. बाईंनी तो सूर्य केला आणि रेघ गेली. मग जायबंदी शब्द एकेक करून बरे होऊ लागले, आणि बाईंचा हात भराभर चालू लागला. हेडसाहेब थोडा वेळ मागे उभे राहिले. उभं राहण्याचं कारण उरलं नव्हतं. भाडेकरू कामाला लागला होता, आणि मुका असल्यामुळे घरात शांतता होती. ते स्वयंपाकघरात गेले, चहा केला, आणि एकाच कपात ओतून बाईंसाठी घेऊन आले.

कप ठेवताना त्यांची नजर पडद्यावर गेली. खिडकीशी लिहिलेलं ते पान बाईंनी आता उतरवून घेतलं होतं. 'प्रत्येक पानाच्या मधोमध एक जाड शिर असते. पानाला ताठ उभं राहायचं बळ तिच्यातून मिळतं.' शिर. पहिली वेलांटी. म्हणजे डोकं. पानाच्या मधोमध एक जाड डोकं. हवी होती ती दुसऱ्या वेलांटीची शीर. पण शिर हाही शब्दच असतो, त्यामुळे प्लगिनला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. रेघ नव्हती. ते पान असंच सोमवारी गेलं असतं.

हेडसाहेबांच्या घशाशी पुष्कळ काही आलं. संस्कृतातून आलेल्या शब्दांचा नियम आला, त्याचे अपवाद आले, 'सदरहू शिर' आलं, आणि तुमचं ते यंत्र, हे तर अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते सगळं गिळलं. मग पुढे वाकून त्या शब्दाखाली, काचेवर, बोटाने एक रेघ ओढली.

बाईंनी बोटाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. हेडसाहेब छताकडे बघत होते.

बाईंनी पहिली वेलांटी खोडून दुसरी दिली आणि थांबल्या. हेडसाहेबांनी नुसती मान हलवली. बाईंनी पायाने शेजारचं स्टूल पुढे ओढलं. "बसा," त्या म्हणाल्या. "अजून चार प्रकरणं आहेत." आणि चहाचा कप दोघांच्या मध्ये सरकवला.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला, आणि सवयीने तो स्पीकरवर टाकला गेला. "ताई, चाललं का गं? शेवटी कुठलं लावलंत? सोबतचं की सिस्टिमचं?"

"घरातलंच होतं," बाई म्हणाल्या. "जुळवून घ्यायला जरा वेळ लागला."

"आणि बोलत नाही ना काही?"

बाईंनी स्टुलाकडे पाहिलं. हेडसाहेबांचं बोट तोवर पुढच्या ओळीत एका शब्दाखाली जाऊन थांबलं होतं आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"अजून तरी नाही," बाई म्हणाल्या आणि तो शब्द दुरुस्त केला.